‘अब्यूज’ म्हणजे नेमकं काय?

ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. ठपका होता ‘अब्यूज ऑफ डॉमिनंट पोझिशन’चा. त्याआधी जानेवारी २०२१ मध्ये सिडनी कसोटीत सीमारेषेजवळ उभ्या असलेल्या मोहम्मद सिराजला प्रेक्षकांतून नको नको ते ऐकावं लागलं. खेळ थांबला आणि सहा जणांना मैदानाबाहेर काढण्यात आलं. इंग्रजी वृत्तपत्रांनी त्याला ‘रेशिअल अब्यूज’ म्हटलं. दरवर्षी २६ जूनला पाळल्या जाणाऱ्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या अमली पदार्थविरोधी दिनाच्या इंग्रजी नावात ‘ड्रग अब्यूज’ आहे. आणि आपल्याकडच्या २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात हाच शब्द एकदा नव्हे, चार निरनिराळी विशेषणं लावून येतो.

या चारही बातम्या मराठीत करायला बसलेला उपसंपादक चार वेगळे शब्द लिहील: दुरुपयोग, शिवीगाळ, गैरवापर, छळ. त्याचं काही चुकत नाही, कारण मराठीला ही चार निराळी कृत्यं वाटतात. इंग्रजीने मात्र ती एकाच शब्दाच्या पोटात घातली आहेत. आता हा शब्द आपल्या बोलण्यातही रुळला आहे. शाळेच्या पालकसभेत, समुपदेशकाकडे, वकिलाच्या कचेरीत ‘अब्यूज झाला’ असं सर्रास म्हटलं जातं. पण एवढ्यावरून नेमकं काय झालं ते ऐकणाऱ्याला कळतंच असं नाही.

मूळ अर्थ: वापरण्यातला बिघाड

शब्द लॅटिनमधून आला. ‘उती’ म्हणजे वापरणं आणि ‘अब’ म्हणजे दूर, बाजूला. वापराची योग्य वाट सोडून केलेला वापर, असा त्याचा साधा अर्थ. फ्रेंचमार्गे तो पंधराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत रुजला. लॅटिनमध्ये मात्र त्याला आणखी एक छटा होती, ती म्हणजे वापरून संपवणं. रोमन परंपरेतून आलेल्या युरोपीय दिवाणी कायद्यात मालकीहक्काचे तीन भाग सांगतात. ‘उसूस’ म्हणजे वस्तू वापरण्याचा हक्क, ‘फ्रुक्तूस’ म्हणजे तिचं उत्पन्न घेण्याचा हक्क आणि ‘अब्यूसूस’ म्हणजे ती विकण्याचा, संपवण्याचा, मोडून टाकण्याचाही हक्क. कूळ जमीन कसू शकतं, पीक घेऊ शकतं, पण ती विकून टाकू शकत नाही. तो हक्क मालकाचा. म्हणजे आज ज्या शब्दाने आपण गुन्हा ओळखतो, त्याचं एक रूप कायद्याच्या भाषेत मालकाचा हक्क सांगत होतं. बायकोवर, मुलावर किंवा नोकरावर आपली मालकीच आहे असं मानणाऱ्याच्या हातून जे घडतं त्याला आज हेच नाव आहे, हे लक्षात घेतलं की या जुन्या कायदेशीर परिभाषेतली गोम कळते.

जुन्या इंग्रजीत या शब्दाचा आणखी एक अर्थ होता, तो म्हणजे फसवणं. शेक्सपिअरच्या नाटकांत तो या अर्थाने भेटतो. पुढे हा अर्थ मावळला, पण ‘डिसअब्यूज’ या क्रियापदात टिकून राहिला. एखाद्याचा गैरसमज दूर करणं, त्याला भ्रमातून बाहेर काढणं म्हणजे ‘डिसअब्यूज’. आपल्या ‘छळ’ या शब्दाची गोष्टही अशीच आहे. संस्कृतातला ‘छल’ म्हणजे कपट. न्यायशास्त्रात तर प्रतिपक्षाच्या शब्दाचा मुद्दाम भलता अर्थ लावण्याला ‘छल’ म्हणतात. मराठीत येता येता तो ‘छळ’ झाला आणि त्याचा अर्थ त्रास देणं, गांजणं असा झाला. जुना अर्थ उरला तो ‘छळकपट’ या जोडशब्दात. दोन लांबच्या भाषांत दोन शब्द कपटापासून निघून छळापर्यंत पोचले.

उच्चार, अनेकवचन आणि एक घोटाळा

आधी उच्चार. नाम असेल तेव्हा शेवटी ‘स’ येतो, म्हणजे ‘अब्यूस’. क्रियापद असेल तेव्हा ‘ज’, म्हणजे ‘अब्यूज’. विशेषणात पुन्हा ‘स’, म्हणून ‘अब्यूसिव्ह’. ‘यूज’ या शब्दाचंही तसंच आहे. भारतात बहुतेक जण दोन्हीकडे ‘ज’च म्हणतात आणि मराठी लेखनातही ‘अब्यूज’ हेच रूप रुळलं आहे, म्हणून या लेखात तेच ठेवलं आहे.

आता वचन. शिव्या या अर्थी इंग्रजीत हा शब्द एकवचनीच राहतो. ‘त्याने शिव्यांची लाखोली वाहिली’ हे सांगतानाही तिकडचा इंग्रज अनेकवचन करत नाही. अनेकवचन होतं ते ‘मानवी हक्कांची पायमल्ली’ अशा अर्थी, जिथे एकेक प्रकार मोजता येतो. भारतीय इंग्रजीत मात्र ‘अब्यूजेस’ म्हणजे सरळ शिव्या. शिवी मोजायची आपली सवय आपण इंग्रजीतही नेली.

खरा घोटाळा होतो तो क्रियापदाशी. ‘त्याने मला शिव्या दिल्या’ हे भारतीय माणूस इंग्रजीत ‘ही अब्यूज्ड मी’ असं सांगतो. लंडन किंवा न्यूयॉर्कमध्ये हेच वाक्य ऐकणारा दचकतो, कारण तिथे त्यातून मारहाण किंवा लैंगिक अत्याचार असा अर्थ निघू शकतो. परदेशात शिकायला किंवा नोकरीला गेलेल्यांनी हे ध्यानात ठेवावं. शिवीगाळच सांगायची असेल तर मागे ‘व्हर्बली’ हे क्रियाविशेषण जोडावं, किंवा काय बोलला तेच सांगावं.

भारतीय कायद्यानेही हा देशी अर्थ स्वीकारला आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. २०१५ च्या दुरुस्तीने त्याच्या तिसऱ्या कलमात एक पोटकलम आलं. लोकांच्या नजरेसमोर, जातीचं नाव घेऊन अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला ‘अब्यूज’ करणं हा गुन्हा आहे, असं ते सांगतं. इथे शब्दाचा अर्थ आपल्या पोलिस ठाण्यांत रूढ असलेला आहे: जातिवाचक शिवीगाळ. गंमत अशी, की या कायद्याच्या नावातला ‘अ‍ॅट्रॉसिटी’ हा शब्द मराठीत जसाच्या तसा उतरला. गावागावांत ‘अ‍ॅट्रॉसिटी लागली’ असंच म्हणतात.

‘मिसयूज’ आणि ‘अब्यूज’

दोन्हीचं भाषांतर आपण ‘गैरवापर’ असं करून मोकळे होतो. इंग्रजीत दोहोंत फरक आहे. ‘मिसयूज’ अजाणतेपणीही घडू शकतो, उदाहरणार्थ तापाची गोळी चुकीच्या वेळी घेणं. ‘अब्यूज’मध्ये जाणीव असते आणि बहुतेक वेळा हातातली सत्ता किंवा समोरच्याचा विश्वास असतो. सरकारी गाडी चुकून खासगी कामाला वापरली गेली तर तो गैरवापर. आपल्या खुर्चीच्या जोरावर ती रोज वापरली, ड्रायव्हरला घरकामाला लावलं आणि त्याने तोंड उघडू नये अशी व्यवस्था केली, तर तो ‘अब्यूज’. म्हणूनच पदाचा दुरुपयोग, बाजारातल्या वर्चस्वाचा दुरुपयोग, न्यायालयीन प्रक्रियेचा दुरुपयोग अशा ठिकाणी इंग्रजीत हाच शब्द येतो. उच्च न्यायालयाला एखादा फौजदारी खटला रद्द करण्याचा जो अंगभूत अधिकार आहे, तो ‘न्यायालयीन प्रक्रियेचा अब्यूज’ रोखण्यासाठीच आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तो कलम ४८२ मध्ये होता, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ मध्ये आहे.

अमली पदार्थांच्या बाबतीत तर दोन देशांनी दोन शब्द धरले. ब्रिटनचा १९७१ चा कायदा ‘मिसयूज ऑफ ड्रग्ज’चा. अमेरिकेने १९७४ मध्ये जी राष्ट्रीय संस्था काढली तिच्या नावात ‘ड्रग अब्यूज’. पुढे डॉक्टरांनाच हा शब्द खटकू लागला. तोच शब्द मुलांवर अत्याचार करणाऱ्याला आणि तोच व्यसनात अडकलेल्या रुग्णाला लावला, की रुग्ण उपचारांना येण्याआधीच गुन्हेगार ठरतो. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये आपल्या निदानसंहितेची पाचवी आवृत्ती काढली, तेव्हा ‘सबस्टन्स अब्यूज’ हे निदान काढून ‘पदार्थवापराचा विकार’ अशा अर्थाचं नाव स्वीकारलं. मराठीत आपण ‘दारुडा’ न म्हणता ‘व्यसनाधीन’ म्हणायला शिकलो, त्यामागचं कारण हेच.

क्रौर्याकडून ‘अब्यूज’कडे

घरातल्या छळाला हा शब्द लागला तो बराच उशिरा. एकोणिसाव्या शतकात त्यासाठी ‘क्रुएल्टी’ हा शब्द होता. १८७४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मेरी एलन विल्सन या लहान मुलीला पालनकर्त्या बाईच्या मारझोडीतून सोडवायला कुणी पुढे येईना. शेवटी एका समाजसेविकेने हेन्री बर्ग यांचं दार ठोठावलं. बर्ग यांची संस्था होती प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी. मुलीची सुटका झाली आणि त्यातूनच मुलांवरील क्रूरता रोखणारी स्वतंत्र संस्था उभी राहिली. ब्रिटनमध्ये मुलांच्या संरक्षणाचा कायदा १८८९ मध्ये आला, तोही ‘क्रुएल्टी’ प्रतिबंधाचाच.

चित्र पालटलं १९६२ मध्ये. अमेरिकेतल्या डेन्व्हरचे बालरोगतज्ज्ञ सी. हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मारहाण झालेल्या मुलांवर एक शोधनिबंध लिहिला. त्यात क्ष-किरण चित्रांचा पुरावा महत्त्वाचा होता. ‘जिन्यावरून पडला’ असं आईवडील सांगत, पण चित्रात एकाच मुलाची काही हाडं नुकती मोडलेली, काही अर्धवट जुळलेली तर काही केव्हाच जुळून गेलेली दिसत. एकदा पडल्याने असं होत नाही. हाडांनी दिलेली ती साक्ष होती. पाच वर्षांच्या आत अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांनी अशी प्रकरणं कळवणं बंधनकारक करणारे कायदे केले आणि ‘चाइल्ड अब्यूज’ हा शब्दप्रयोग घराघरांत पोचला. १९७५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये घरातल्या आजीबाईंच्या मारहाणीबद्दल एका डॉक्टरचं पत्र छापून आलं, आणि वृद्धांच्या छळाकडेही लक्ष गेलं.

शब्द बदलला त्याला अर्थ होता. क्रौर्य म्हटलं की डोळ्यांपुढे येतो हातात पट्टा घेतलेला संतापलेला माणूस. पण मुलांवर लैंगिक अत्याचार करणारा अनेकदा गोड बोलणारा, खाऊ आणणारा, घरच्यांचा विश्वासू असतो. आईची पेन्शन परस्पर काढून घेणारा मुलगा आवाजही चढवत नाही. या दोघांना क्रूर म्हणताना जीभ अडखळते. दोघांनीही विश्वास आणि अधिकार वाकडा वापरला आहे, हे मात्र निर्विवाद. शब्दाचा मूळ अर्थ इथे उपयोगी पडला.

भारतीय कायद्याने हीच वाट धरली. १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत आलेलं कलम ४९८-अ ‘क्रुएल्टी’चं, म्हणजे पती आणि सासरच्यांकडून होणाऱ्या क्रूरतेचं. आता ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ आणि ८६ मध्ये आहे. २००५ च्या कायद्याने त्यापुढे पाऊल टाकलं आणि ‘अब्यूज’चे चार प्रकार सांगितले: शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक, आणि आर्थिक.

चार प्रकार, अगदी जवळून

या कायद्याच्या नियमांसोबत काही नमुने जोडले आहेत. ते वाचले की शब्दकोश मिटून ठेवावा. शारीरिक प्रकारात मारणं आणि लाथ घालणं आहेच, पण चावणं, ढकलणं हेही आहे. शाब्दिक व भावनिक प्रकारात चारित्र्यावर संशय घेणं, हुंडा आणला नाही म्हणून टोमणे मारणं, मूल नाही किंवा मुलगा झाला नाही म्हणून हिणवणं, नोकरी करू न देणं, घराबाहेर पडू न देणं, ठरावीक माणसाला भेटू न देणं, आत्महत्येची धमकी देणं. आर्थिक प्रकारात खर्चाला पैसे न देणं, औषधपाणी न करणं, पगार हिसकावून घेणं, स्त्रीधन परस्पर विकणं किंवा गहाण टाकणं, घरभाडं आणि विजेचं बिल न भरणं.

यातल्या कितीतरी गोष्टींना आपल्याकडे ‘संसारात चालायचंच’ म्हणत. मराठीला त्या ठाऊक नव्हत्या असं नाही. ‘सासुरवास’ हा शब्दच पाहा. शब्दशः अर्थ सासरी राहणं एवढाच, पण मराठीत तो ऐकताच जाच आठवतो. जात्यावरच्या ओव्या त्याने भरल्या आहेत. ओवीत दुःख होतं, दाद मागायची जागा नव्हती. कायद्याने ती दिली. मुंबई पोलिसांत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष १९८४ मध्ये सुरू झाला, तोही असं सांगणं ऐकून घ्यायला कुणीतरी असावं म्हणूनच. आर्थिक कोंडी हा छळ आहे, हे भारताने २००५ मध्ये कायद्यात लिहिलं. ब्रिटनचा कौटुंबिक छळाचा कायदा, ज्यात आर्थिक प्रकाराची व्याख्या आली, तो २०२१ चा. त्या कायद्याने आणखी एक चांगली गोष्ट केली: घरातला छळ पाहणाऱ्या, ऐकणाऱ्या मुलालाही पीडित मानलं.

जिथे हा शब्द पांघरूण होतो

इतका मोठा शब्द झाकायलाही कामी येतो. २००४ मध्ये इराकमधल्या अबू घ्रेब तुरुंगातली छायाचित्रं बाहेर आली. नग्न कैद्यांचे ढीग, कुत्र्यांची भीती, डोक्यावरून घातलेले बुरखे. अमेरिकेचे तत्कालीन संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांनी त्याला ‘अब्यूज’ म्हटलं आणि ‘टॉर्चर’ हा शब्द वापरायचं टाळलं. त्याचं कारण होतं: यातना देण्याविरुद्ध १९८४ चा आंतरराष्ट्रीय करार आहे आणि तो शब्द मान्य केला की जबाबदारी येते. शब्द हलका निवडला की आरोपही हलका होतो.

आपल्याकडेही हे होतं. बलात्काराच्या बातमीत ‘गैरकृत्य’, ‘अतिप्रसंग’ असे आडपडदे येतात. इंग्रजी बोलणाऱ्या घरात ‘सेक्शुअल अब्यूज’ म्हटलं की सभ्यपणे बोलल्याचं समाधान मिळतं, पण नुसत्या स्पर्शापासून बलात्कारापर्यंत काहीही त्यात बसतं. २०१२ चा पॉक्सो कायदा गुन्ह्यांची नावं देताना म्हणूनच ‘अब्यूज’वर थांबत नाही. लैंगिक छळ, लैंगिक हल्ला, प्रवेशित लैंगिक हल्ला, त्यांचे गंभीर प्रकार, अशी तो पायरीपायरीने नावं देतो आणि प्रत्येकाला वेगळी शिक्षा सांगतो. शब्दाची नेमकी व्याप्ती किती मोलाची असते ते २०२१ मध्ये दिसलं. जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने कपड्यांवरून झालेला स्पर्श पॉक्सोखालचा लैंगिक हल्ला मानायला नकार दिला. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. त्वचेला त्वचा लागली का हे पाहायचं नसून लैंगिक हेतू होता का हे पाहायचं, असं न्यायालयाने स्पष्ट केलं.

तक्रार सांगताना

या सगळ्याचा सामान्य माणसाला उपयोग काय? तर तो पोलिस ठाण्यात कळतो. ठाणे अंमलदाराच्या लेखणीत काही साचे तयार असतात: ‘शिवीगाळ करून लाथाबुक्क्यांनी मारहाण केली’, ‘वेळोवेळी शारीरिक व मानसिक छळ केला’. पहिल्या वाक्यातून बहुधा अदखलपात्र नोंद निघते, म्हणजे ज्याला आपण ‘एनसी’ म्हणतो. पूर्वीची कलमं ३२३ आणि ५०४, आता न्याय संहितेतली ११५(२) आणि ३५२. डोक्यात काठी घातली होती, हाड मोडलं होतं, पैशांसाठी कोंडून ठेवलं होतं, हे जबाबात आलंच नाही तर अधिक गंभीर कलमं लागणार कशी? दुसरं वाक्य तर शेकडो फिर्यादींत जसंच्या तसं सापडेल. सासरच्या सगळ्यांवर मोघम आरोप असलेली फिर्याद सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये रद्द केली. कोणी, केव्हा, काय केलं याचा तपशील त्यात नव्हता. मोघम शब्दाने निर्दोष माणूस गोवला जाऊ शकतो, तसा खरा दोषीही सुटू शकतो.

पॉक्सो कायद्याच्या २६ व्या कलमात याचं उत्तर आहे. मुलाचा जबाब मूल जसं बोललं तसाच, त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावा, आणि तोही आईवडील किंवा मुलाचा विश्वास असलेल्या माणसासमोर, असं ते सांगतं. मूल ‘अब्यूज’ म्हणत नाही. ‘काका इथे हात लावतात’ असं म्हणतं. ते वाक्यच पुरावा आहे. मोठ्यांनी त्याचं सभ्य इंग्रजी केलं की पुरावा पुसट होतो. असा गुन्हा माहीत असूनही न कळवणं हाही याच कायद्याखाली गुन्हा आहे.

तेव्हा ‘अब्यूज’ हा शब्द ओळखण्यासाठी जरूर वापरा. मार बसला नाही तरी हा छळ असू शकतो, पगार काढून घेणं हाही छळ आहे, आईला घरातच परकं करणं हाही छळ आहे, हे समजायला त्याच्यासारखा शब्द नाही. पण सांगताना तो बाजूला ठेवा. तारीख, जागा, माणूस, कृत्य आणि बोललेले शब्द मराठीत जसेच्या तसे लिहून द्या. लिहिलेला जबाब वाचून घेतल्याशिवाय सही करू नका, आणि प्रथम खबरीची प्रत मागून घ्या. ती फुकट मिळते आणि तो तुमचा हक्क आहे. मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक घरात सगळ्यांना पाठ असू द्या.